भट्टी विझली असं वाटलं तेव्हा

ऐका गं आधी! मी आमच्या वीटभट्टीमागे चादरी वाळत घालत होते, आणि हा पठ्ठ्या वर बघत बघत सरळ माझ्या दोरीत घुसला... ओली चादर डोक्यावर!

"चालताना समोर बघतात," मी म्हटलं.

"मी धूर बघतोय."

"आमच्या चिमणीचा? हवा तेवढा घेऊन जा की!"

हसला ना तो — संपले मी तिथेच! बाबा त्याला धूरवालाच म्हणायला लागले. गावोगावच्या भट्ट्यांवर फिरून त्याचं एकच टुमणं: विटा नागमोडी रचा, कोळसा थोडा थोडा टाका. हवा खेळेल, धूर कमी होईल.

"तुला का एवढं पडलंय धुराचं?" मी विचारलं.

"आमचं गाव समुद्राने घेतलं," तो हळूच म्हणाला. "शाळा, विहीर... सगळं. आमच्याकडे ना कारखाने, ना गाड्या. धूर जगाचा, पाणी आमच्या दारात."

मी वर आमच्या चिमणीकडे बघितलं. "म्हणजे... आमच्यामुळे?"

"तुमचा त्यात चिमूटभर गं. पण अशा चिमटी किती!"

मग मी बाबांच्या मागेच लागले. शेवटी वैतागून म्हणाले, "एकदा रचू दे त्याला. विटा कच्च्या राहिल्या तर पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही त्याने."

भट्टी पेटली. दुसऱ्या दुपारी बाबांची आरोळी — "विझली! धूर कुठाय? ओता कोळसा!"

खरंच, चिमणीवर काहीच नाही! आमच्याकडे काळा धूर म्हणजेच चांगला जाळ ना. माणसं फावडी घेऊन धावली. धूरवाला पांढराफटक. ढिगाने कोळसा पडला असता, तर जाळ गुदमरून सगळं मुसळ केरात! भट्टीच्या माथ्यावर कोळसा टाकायचं तोंड असतं ना, तिथे मी आडवी उभी राहिले. "बाबा, आधी आत बघा!" आणि त्या तोंडावरचं झाकण उचललं.

काय सांगू... आत वितळलेलं सोनं! विटाच उजेड झालेल्या. बाबा वाकले, बघतच राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "इतकी वर्षं आपण कोळसा जाळत होतो, की उडवत होतो?"

सगळ्यांनी माना वर केल्या. चिमणीच्या टोकाला निळं आभाळ टेकलेलं... जन्मात पहिल्यांदा पाहिलं मी! आणि तो? माझ्याकडे बघत होता.

"वर बघ ना, वेड्या!"

"उद्या दुसऱ्या भट्टीवर जायचंय. तुला... बघून घेतोय."

"मग परत ये."

"कशासाठी? इथलं काम तर झालं."

"माझ्यासाठी!" — बाबांच्या देखत बोलून गेले गं!

बाबांनी सावकाश झाकण ठेवलं. हात झटकले.

"येताना घरच्यांना आण," ते त्याला म्हणाले. "बोलायला... आणि राहायलाही. इथली जमीन उंच आहे."