उतरणीचा नवस

नवस मी पुष्कळ बोलले आहेत. लेकीच्या परीक्षेसाठी, सासूबाईंच्या डोळ्यांसाठी, एकदा तर हरवलेल्या किल्लीसाठीसुद्धा. देवाने बहुतेक ऐकले. पण डोंगरावरच्या तंबूत बसून बोललेला एक नवस आठवला, की अजून तळपाय आखडतात. बसा जरा जवळ, सांगते.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ह्यांनी, म्हणजे आमच्या यजमानांनी, बर्फाच्या डोंगरावर जायचं ठरवलं. सोबत एक वाटाड्या होता. तिशीतला, हसरा, मला ताई म्हणायचा. वरच्या तळावर मला धाप लागली, म्हणून मी मागे राहिले आणि ते दोघं खिंडीकडे गेले. वारा तंबूला नुसता बडवत होता. मी हात जोडले. गेले तेवढे दोघंही सुखरूप उतरू देत, खालच्या शहरात एक अख्खा दिवस अनवाणी फिरेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे एकटेच आले.

"तो कुठंय?"

"पलीकडून उतरला. त्याचं गाव तिकडंच आहे. शहरात सहलीच्या ऑफिसात भेटेल म्हणाला."

मी विश्वास ठेवला. पंचवीस वर्षं ठेवतच आले होते.

पुढचा दिवस जीपमध्ये गेला. शहरात लॉजवर उतरलो, तेव्हा हातात एकच दिवस होता. विमान संध्याकाळचं. सकाळी खिडकीशी उभी राहून मी देवाला म्हणाले, तू शब्द पाळलास, आता मी पाळते. हे शेजारी दात घासत होते. नवसाचं त्यांना मी तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं.

"तुझ्या देवाला दुसरं काही सुचत नाही का? पायात काच घुसली तर विमानात लंगडत चढशील."

"देव बघेल."

"हो, देव बघेल आणि मलमपट्टी मी करीन," हे म्हणाले. मी हसले. ते काही हसले नाहीत.

बाजार माणसांनी फुलला होता. डोक्यावर तारांची जाळी, दुकानांतून बाहेर लोंबणारे कपडे, हॉर्नचा गोंगाट. हे पुढे, मी चार पावलं मागे. ऊन चढलं तसा डांबरी रस्ता भाजायला लागला. मी सावली शोधत चालले होते, आणि एकदम डावा पाय गार पडला.

वाटलं, कोणी पाणी सांडलं असेल. पुढचं पाऊल टाकलं. उजवाही गार. साधा गार नव्हे, हाडापर्यंत पोचणारा, बर्फाचा.

खाली पाहिलं. तापल्या डांबरावर ओलं पाऊल उमटलं होतं. टाच, चवडा, पाचही बोटं. त्याच्या पुढे दुसरं. त्याच्या पुढे तिसरं... माझ्या डोळ्यांदेखत उमटत होती ती. एक पाऊल खोल, एक अर्धवट; कोणी पाय ओढत चालावं तशी. बाजाराचा आवाज कुठेतरी लांब गेला. ओल्या लोकरीचा आणि रॉकेलचा वास आला. तळावर वाटाड्या स्टोव्ह पेटवायला वाकला, की त्याच्या अंगाला हाच वास यायचा.

पावलं ह्यांच्या अगदी पाठीशी चालली होती. हे थांबले की तीही थांबत.

ह्यांच्या टाचांपर्यंत माझी नजर पोचली, तेव्हा बुटांवरची निळ्या दोऱ्याची शिवण दिसली. ती शिवण वाटाड्याने तळावर माझ्यासमोर बसून स्वतःच्या बुटांना घातली होती.

"अहो," मी हळूच म्हणाले, "हे बूट..."

"माझ्या बुटाचा तळ निघाला. त्याने दिले."

"मग तो कशात गेला?"

हे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. माझ्याकडे बघेनात.

"पाय मुरगळला होता त्याचा. म्हणाला, मी इथेच बसतो, तुम्ही खाली जाऊन माणसं पाठवा."

"तळावर माणसं होती की."

"होती. पण बूट काढून घेतले हे कसं सांगणार होतो?"

"काढून घेतले? आत्ता तर दिले म्हणालात."

"मागितले... अगं, शोधाशोध, जबाब, विमान चुकलं असतं. आणि तोवर तो..."

"आज सकाळी मी देवाचे आभार मानत होते. तुम्ही शेजारी उभे होतात."

त्याला वर सोडून दोन रात्री झाल्या होत्या. पण माणूस चिवट असतो, डोंगरातला तर फारच. आत्ता माणसं निघाली तर कदाचित सापडेल, एवढ्या एका आशेवर मी ऑफिस गाठलं. हे मागून आले. त्यांच्या मागे कोण आलं, ते मी पाहिलं नाही.

टेबलामागे चष्मा लावलेली बाई होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"काहीतरी घोळ होतोय तुमचा. तो सकाळीच येऊन गेला. त्या खुर्चीत बसला होता."

हे भिंतीला टेकले.

खुर्चीखाली पाण्याचं थारोळं होतं. वर पंखा गरगरत होता, तरी त्याच्या कडा पांढऱ्या, गोठलेल्या होत्या.

"तुमच्यासाठी निरोप ठेवलाय," बाई म्हणाली. "ताईंना सांगा, नवस फेडायची घाई करू नका. मी अजून उतरतोय."

ते विमान ह्यांनी एकट्याने गाठलं. मी माणसं पाठवली आणि चार दिवस त्याच ऑफिसच्या बाकावर बसून राहिले. डोंगरावर तो बसला होता ती जागा सापडली. तो नाही.

ह्यांच्याशी मी बोलते, त्यांना गरम गरम वाढते. फक्त त्यांच्या शब्दावर विसंबून आता देवाचे आभार मानत नाही.

नवस फिटलेला नाही, म्हणजे आशा आहे, असं मी धरून चालते. दर महिन्याला एक दिवस मी वहाणा घालत नाही. तुमच्याकडेही एवढंच मागणं आहे. एक दिवस त्याच्यासाठी अनवाणी चाला. आणि चालता चालता पाय गार पडले, तर मागे वळू नका. थोडं बाजूला सरा, आणि त्याला पुढे जाऊ द्या.