काळ्या अकीकावरच्या मुंग्या

"मुंग्या! आजोबांच्या दगडावर मुंग्या!"

तालेस एवढ्या मोठ्यानं ओरडला, की जुसाराच्या हातून झाडू पडला.

सेर्रीन्या गावात जानेवारीची सुट्टी म्हणजे दगडांचं प्रदर्शन, आणि प्रदर्शन म्हणजे पोरांना सभागृहाची झाडलोट! जुसारा बारा वर्षांची, तिचा भाऊ तालेस आठ वर्षांचा, आणि शेजारचा ओनीर तेरा वर्षांचा. शनिवारची दुपार होती. तिघांशिवाय सभागृहात चिटपाखरू नव्हतं.

"मुंग्या चिक्कीला आल्या असतील," ओनीर म्हणाला. "तुझ्या खिशात कायम चिक्की असते."

"माझी चिक्की इथं आहे! त्या दगडावर चढतायत, बघ तरी!"

दोघं वाकले. टेबलावर अकीकाचा अर्धा गोळा ठेवला होता. कापलेली बाजू पॉलिश करून आरशासारखी झालेली, काळीभोर, त्यात केसासारखी बारीक करडी वलयं. त्या बाजूवर एकही मुंगी नव्हती. मुंग्यांची रांग मागच्या खडबडीत सालीवर जात होती आणि तिथल्या भेगेत शिरत होती.

"दगड गोड आहे!" तालेसनं जीभ बाहेर काढली.

जुसारानं त्याची कॉलर धरून मागे खेचलं. "वेडा आहेस का? कारखान्यातून आलाय तो, ॲसिड लागलेलं असेल त्याला!"

ओनीरचा चेहरा उतरला होता. त्याचे वडील दगड रंगवायचं काम करायचे. तो हळूच म्हणाला, "जुसारा, हा दगड रंगवलाय. राखाडी अकीक तीन आठवडे साखरेच्या पाण्यात ठेवतात. दगड साखर पितो. मग तो ॲसिडमध्ये टाकला, की आतली साखर जळून काळी होते. तव्यावर सांडलेली साखर होते ना, तशी. पण ॲसिड कमी पडलं, तर थोडी साखर आत तशीच राहते. माणसाला ती दिसत नाही. मुंगीला कळते!"

जुसारानं वळून पाटीकडे पाहिलं. तिच्यावर आजोबांच्या नावानं लिहिलं होतं: 'नैसर्गिक काळा अकीक. सिल्विनो यांच्या खाणीतला.'

दगड रंगवणं हा गुन्हा नव्हता. रंगवलेल्या दगडांचं वेगळं टेबलच होतं, निळं, गुलाबी, हिरवं! पण रंग लपवला, तर माणसाचं नाव प्रदर्शनातून कायमचं काढून टाकत. तीन वाजता संग्रहालयाच्या इल्मा बाई तपासायला येणार होत्या. त्यांनी निवडलेला दगड संग्रहालयात कायमचा राहणार होता, खाली आजोबांच्या नावासह. चाळीस वर्षं खाणीत घालवलेल्या, मोतीबिंदूनं नीट न दिसणाऱ्या आजोबांना दुसरं काहीच नको होतं.

"पटकन पुसून टाकू या?" तालेसनं विचारलं.

"मुंग्या जातील. खोटं जाईल का?" जुसारा म्हणाली. मग ती कुजबुजली. "ओनीर... आजोबांनीच तर नसेल ना...?"

"त्यांच्याकडे रंगवायचं पिंप आहे? मग! तीन आठवडे दगड होता कुणाकडे?"

"एगोनकाकांकडे. कापायला आणि पॉलिशला. त्यांनीच परस्पर इथं आणून ठेवला."

तालेसनं गळ्यातला दोरा ओढला. दोऱ्याला आजोबांच्या या दगडाचा नखाएवढा काळा टवका बांधला होता. आत काय आहे ते बघायला आजोबा दगडाची पहिली कपची काढत आणि ती घरातल्या धाकट्याला देत.

"मग माझा टवका निघाला ती जागा कुठंय?"

तिघांनी कापड धरून दगड फिरवला. साल सगळीकडे सलग होती. कुठंच खाच नव्हती!

"हा आपला दगडच नाही!" जुसारा ओरडली. "तालेस, पळ! आजोबांना आणि इल्मा बाईंना एगोनकाकांच्या कारखान्यात घेऊन ये. बाई पाद्रीबाबांच्या अंगणात चहा घेत बसल्यात. पळ! दोन वाजता काकांचा माल न्यायला शहरातून ट्रक येतो. खरा दगड त्यात गेला, तर संपलं!"

*

कारखान्याचं दार उघडंच होतं. करवत बंद होती. एगोनकाका खुर्चीत मान टाकून घोरत होते आणि मांडीवरच्या वाळक्या भोपळ्याच्या पेल्यातला कडू चहा निवून गेला होता.

जुसारा आणि ओनीर पाय न वाजवता खोक्यांपाशी गेले. भुसा चाचपला. एक खोकं, दोन, पाच. सगळीकडे रंगीत चकत्या. घड्याळात दोनला वीस मिनिटं कमी होती!

ओनीरनं तिला कोपरानं ढोसलं आणि काकांच्या उजव्या हाताकडे बोट केलं. हात कोपरापर्यंत चिकट चमकत होता आणि मनगटावर दोन मुंग्या फिरत होत्या.

"आज काम बंद आहे," तो कुजबुजला. "मग साखरेच्या पाण्यात हात कशाला घातला?"

कोपऱ्यात दोन निळी पिंपं होती. अगदी सारखी, झाकलेली. एकावरही नाव नाही! एकात साखर, एकात ॲसिड.

"कुठलं कुठलं?"

"देव जाणे! बाबा म्हणतात, पिंपावर नाव न लिहिणारा आणि डोळे मिटून कुऱ्हाड चालवणारा, दोघं सारखेच."

जुसारा एका पिंपाकडे वळली. ओनीरनं तिचं मनगट पकडलं. "आधी बघ. मग हलव हात."

ती थांबली. बघितलं. डाव्या पिंपाभोवतीची जमीन कोरडी ठणठणीत. उजव्या पिंपावर मात्र काळी रांग झाकणाखाली शिरत होती. तिनं उजवं झाकण सरकवलं.

"थांबा!"

एगोनकाका उभे होते. भोपळ्याचा पेला जमिनीवर लोळत होता.

"मागे व्हा! ते ॲसिड आहे! हाडापर्यंत जळाल!"

जुसारानं झाकणावरचा हात मागे घेतला. काका पंचवीस वर्षं हेच काम करत होते. ती चुकली असेल तर? तिनं पुन्हा काठाकडे पाहिलं. मुंग्या निवांतपणे आत उतरत होत्या, बाहेर येत होत्या.

"मग या मुंग्या का नाही जळत, एगोनकाका?"

ओनीरनं भिंतीवरचा लाकडी चिमटा घेऊन तपकिरी पाण्यात बुडवला. एक राखाडी दगड निघाला. दुसराही राखाडी. तिसऱ्या वेळी चिमटा जड झाला, आणि पाकातून काळाभोर अर्धा गोळा वर आला!

"तो... तो रंगवायला टाकलाय!" काका म्हणाले.

"साखरेतून राखाडी निघतात, काका. काळे होतात ॲसिडमध्ये. हा आधीच काळा कसा?" ओनीरनं विचारलं.

"प्रश्न बरोबर आहे," दारातून आवाज आला. "उत्तर द्या, एगोन."

इल्मा बाई! त्यांच्यामागे काठी टेकत आजोबा आणि धापा टाकणारा तालेस.

"कुणीतरी टाकला असेल," एगोनकाका पुटपुटले. "काळे दगड सगळे सारखेच दिसतात."

"मला तर सगळेच धूसर दिसतात," आजोबा म्हणाले. "तालेस, तुझा टवका दे बाळा."

ओनीरनं दगड नळाखाली धुतला. आजोबांनी तो मांडीवर घेतला आणि बोटानं साल चाचपली. अंगठा एका खाचेवर थांबला. त्यांनी टवका तिथं ठेवला.

टक्! हिरडीत दात बसावा तसा बसला.

मग आजोबा म्हणाले, "एगोन, तुझ्या बापाबरोबर मी खाणीत उतरलोय. दिवा एकच असायचा, तो माझ्या हातात द्यायचा आणि स्वतः अंधारात चालायचा."

एगोनकाकांनी मान खाली घातली. "शहरातल्या व्यापाऱ्याला या दगडाचा शब्द दिला होता, सिल्विनोमामा. ट्रक येईपर्यंत आज पाकात लपवला. चुकलो."

"शिक्षा समिती ठरवेल," बाई म्हणाल्या. "पण आधी खडू घ्या आणि दोन्ही पिंपांवर नावं लिहा. आत्ता! माझ्यासमोर!"

"बाई, आजोबांच्या दगडात साखर गेली असेल का?" जुसारानं घाबरत विचारलं.

"तासा-दोन तासांत? त्याला आठवडे लागतात, पोरी." बाईंनी भिंग लावून दगड उन्हात फिरवला. फार वेळ फिरवला. "सिल्विनो, हा जन्मापासून काळा आहे. संग्रहालयात जाईल."

आजोबांनी दगड छातीशी धरला.

"आणि तुम्ही पोरं!" बाई वळल्या. "तीस वर्षं मी दगड तपासतेय, पण मागची बाजू बघायला लोक विसरतात. तुम्ही बघितलीत. आणि घाईत पिंपात हात घातला नाहीत, याबद्दल तर जास्तच शाबास!"

"बाई, मुंग्या पहिल्यांदा मी बघितल्या," तालेस म्हणाला.

"खरंय. पाटीवर तुझं नाव घालू?"

तालेसनं विचार केला. मग खिशातून चिक्कीचा शेवटचा तुकडा काढला, चुरला आणि उजव्या पिंपाजवळ मुंग्यांच्या वाटेवर ठेवला.

"माझं नको," तो म्हणाला. "तपासलं यांनी."