पॅरलल फोन

हे लिहू नकोस, असं प्रणित, म्हणजे माझा नवरा, आजही म्हणतो. पण जे कानांनी ऐकलं, ते खोटं कसं म्हणू? यातलं एक अक्षरही माझ्या मनाचं नाही.

फेब्रुवारी २०२१. पनवेलची खांदा कॉलनी. पहिल्या मजल्यावरचं भाड्याचं घर.

आणि हे रात्री घडलं नाही. लख्ख दुपारी घडलं.

प्रणित न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर जायचा. मी घरून एका विमा कंपनीचे कॉल घ्यायचे. त्या घरात मोबाईलला रेंज नव्हती. फायबर आमच्या बिल्डिंगपर्यंत आलं नव्हतं. घरमालक भावेश म्हणाले, आईच्या वेळची टेलिफोनची लाईन आहे, तिच्यावरच ब्रॉडबँड घ्या.

जोडायला भगवानकाका आले. चिरनेरचे. साठीला टेकलेले लाईनमन.

दारातच थबकले. "ह्याच घरात?" एवढंच म्हणाले.

हॉलमध्ये मॉडेम लावला. हिरवा दिवा स्थिर झाला. स्पीड मोजला, लाईन साफ आहे म्हणाले, आणि पाणीही न पिता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी दिवा लुकलुकला...

विझला.

अकरा मिनिटांनी आपोआप लागला.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच.

मी वेळा लिहून ठेवायला लागले. सकाळी स्पीड चांगला, संध्याकाळी चांगला. फक्त तीन दहा ते तीन एकवीस... काहीच नाही.

एके दिवशी नवरा वारलेल्या एका बाईचा कॉल मध्येच तुटला. ती रडत होती. ऑफिसने बजावलं, पुन्हा असं झालं तर काम बंद.

मी गच्चीवर रेंज शोधून भगवानकाकांना फोन केला. त्यांनी समजावलं, त्याच लाईनवर दुसरा फोन असेल आणि कुणी रिसीव्हर उचलला, की नेट असंच पडतं. घरात कुठे पॅरलल फोन आहे का, ते बघा.

आमच्या घरात फोनच नव्हता.

तरी शोधलं. बेडरूममधलं कपाट सरकवलं. मागे भिंतीवर जुना सॉकेट होता.

त्याची वायर कापलेली होती.

दुसऱ्या दिवशी काका तीनला आले. तो सॉकेट त्यांनी बघितला. हॉलमध्ये येऊन त्यांनी आपला तपासणीचा फोन लाईनला जोडला. आम्ही दोघं मॉडेमकडे बघत बसलो.

तीन दहा.

दिवा गेला.

काकांनी फोन कानाला लावला... आणि त्यांचा हात हळूहळू खाली आला. तो फोन मी घेतला.

आधी कुणाचा तरी श्वास. अगदी कानाशी.

मग नंबर फिरवल्यासारखी टकटक...

मग एका म्हातारीचा आवाज. थकलेला, पण अदबीचा.

"तक्रार लिहून घ्या. आमचा फोन बंद आहे. मी पडलेय. उठता येत नाही."

थोडा वेळ नुसता श्वास.

"भगवान निघालाय का?"

मी फोन टाकून दिला.

काका जमिनीवर बसले होते. मग त्यांनी सांगितलं. भावेशची आई दमयंतीबाई इथे एकट्या राहायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा फोन बंद पडला. नऊ दिवस त्या शेजाऱ्यांकरवी तक्रार करत होत्या. दहाव्या दिवशी त्या बेडरूममध्ये पडल्या. दुपारी तीनच्या सुमारास खालच्यांनी धपकन आवाज ऐकला होता, पण वर कुणी आलं नाही. सापडल्या दुसऱ्या दिवशी. रिसीव्हर हातात होता.

"मी आलोच नवतो, ताई," काका म्हणाले. "तरी कागदावं लिवलं, फोन दुरुस्त केला."

त्याच दिवशी त्यांनी खांबावर चढून ती लाईन स्वतः कापली. आठवड्यात आम्ही घर सोडलं. माझं काम गेलंच.

गेल्या महिन्यात उरण नाक्यावर काका भेटले. रिटायर झालेत. खूप वाळलेत. खांद्याला तीच पिशवी.

म्हणाले, ते घर अजून रिकामंच आहे. भावेशकडून किल्ली मागून घेतली आहे. रोज दुपारी जातात. बेडरूममधल्या त्या सॉकेटला फोन जोडून बसतात.

मी म्हटलं, काका, लाईन तर तुम्हीच कापलीत.

"हो," ते म्हणाले.

पुढे मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं, ती काय बोलते?

"आता तक्रार नाय करत. येवढंच इचारते... उद्या येनार ना?"

पावणेतीन वाजत आले होते. ते घाईने निघाले. पाय ओढत चालत होते.

मी त्यांना थांबवलं नाही.

पण एक दिवस ते पोचणार नाहीत. त्या दुपारी ती कुणाचं नाव घेईल... हे मनात आलं की मी हातातलं काम सोडून उठते, आणि घरभर फिरत राहते.