न दमणारा लावा

"यल्ला, चला, उतरा! उन्हं चढली की पक्षी गप्प होतात," जमालुद्दीनचाचांनी गाडी थांबवली. त्यांची मुलगी झोया, तिचा वर्गमित्र ध्रुव आणि त्याची धाकटी बहीण स्मृती दुर्बिणी सावरत उतरली. परीक्षा संपल्या होत्या आणि सौदीतल्या हुफूफजवळच्या या तळ्यावर झोयाला एकदा तरी लावा पक्षी बघायचाच होता.

खारट माळ, खुरटी झुडपं आणि पलीकडे डोक्याहून उंच बोरूची दाटी. त्यातूनच आवाज आला. व्हिट्-विटिट. व्हिट्-विटिट.

"लावाच आहे," ध्रुव कुजबुजला.

तास झाला. आवाज दमेना, पक्षी दिसेना. ही मंडळी जवळ गेली तरी तो थांबेना, उलट जणू बोलावत राहिला. झोयाच्या अंगावर काटा आला.

"चला परत," चाचा म्हणाले. ते गाडीकडे वळलेसुद्धा. "या बोरूत शैतान आहे म्हणतात."

"अब्बा, रमजानात शैतान कैदेत असतात. तुम्हीच सांगता ना?"

चाचांनी पुन्हा बोरूकडे पाहिलं.

तेवढ्यात वरून भोवत्या गेला. या शिकारी पक्ष्याची सावली पडताच बदकं, चिमण्या, सगळे चिडीचूप. त्या भयाण शांततेत एकच आवाज चालू राहिला. व्हिट्-विटिट.

"त्याला जिवाची भीती नाही," झोया सावकाश म्हणाली. "म्हणजे त्याला जीवच नाही."

"भूत?" स्मृतीने ध्रुवचा हात घट्ट धरला.

"नाही गं. यंत्र."

बोरू बाजूला सारून पाहिलं, तर आड उंच जाळं ताणलेलं होतं आणि त्याखाली स्पीकर. जाळ्यात नऊ लावे अडकले होते. दोन मेलेले, बाकीचे तडफडत. ज्याला बघायची इतकी आस, तो असा भेटला. झोयाला रडू आलं.

ध्रुव स्पीकर बंद करायला धावला. झोयाने त्याला मागे खेचलं. झुडपामागे पिकअप उभी होती आणि आत जाळं लावणारे दोघेजण पहाटेची भरपेट सेहरी करून घोरत होते.

"आवाज चालू आहे, तोवर ते झोपतील. थांबला की जागे होतील."

चाचांनी दूर जाऊन वन्यजीव खात्याला फोन केला आणि परत येऊन जाळ्याला हात घातला. ते रत्नागिरीच्या मासेमारांच्या घरातले. कोणता धागा आधी सोडवायचा, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. एक सुटला, दोन सुटले, पाच सुटले.

आणि स्पीकर घरघरून बंद पडला. बॅटरी संपली!

पिकअपमध्ये कोणीतरी कूस बदलली. दोन जिवंत लावे अजून जाळ्यात होते. झोयाने ओठ ओले केले. तासभर ऐकून तो आवाज तिच्या कानात मुरला होता. तिने शीळ घातली. व्हिट्-विटिट. मधे तेवढाच विराम. व्हिट्-विटिट.

घोरणं पुन्हा सुरू झालं. ओठ दुखले, तरी ती थांबली नाही. सातवा लावा भुर्रकन उडाला, तेव्हा कुठे तिने श्वास घेतला.

थोड्याच वेळात खात्याची जीप आली आणि ते दोघे झोपेतच पकडले गेले. अधिकाऱ्याने मुलांशी हात मिळवले, झोयाकडून शीळ पुन्हा ऐकली आणि तो म्हणाला, "आमच्या माणसांना शिकवायला ये."

परतताना चाचांनी आरशातून झोयाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "शाबास, बेटा. तुझं खरं होतं. शैतान कैदेत असतात. माणसंच मोकळी फिरतात."

झोयाने काच खाली केली. मागे माळावर लावा ओरडला. एकदाच. मग गाडीला घाबरून गप्प झाला.

तो खरा होता.