पडद्यावर नसलेला पिवळा

उल्माचं चित्र काढून वैजयंती धुरीच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. एक, परग्रहाच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या केंद्राच्या भिंतीवर चित्राची प्रत आणि खाली तिचं नाव. दोन, चित्र रंगवायला दिलेला नवा टॅब्लेट, कायमचा. तीन, निशाद कोरगावकरचा पडलेला चेहरा. चित्रकलेत कायम दुसरा येणाऱ्या निशादचा चेहरा ही तिच्या लेखी तिन्हींत भारी वस्तू. विचारलं असतं तर अर्थात तिने कानावर हात ठेवले असते.

पाहुण्या उल्माला मात्र एकच गोष्ट हवी होती. तिच्या दूरच्या ग्रहावर तिची मुलगी लवकरच अंड्यातून बाहेर येणार होती, आणि उल्मा पृथ्वीवरचं काम आटोपून परतेपर्यंत चांगली बारा वर्षांची होणार होती. तोवर आई कशी दिसते, ते तिला चित्रातूनच कळायचं. पडद्यावरचे फोटो उल्माच्या लोकांना ओळखूच येत नसत. का, ते एक कोडंच होतं. म्हणून हाताने काढलेलं चित्र हवं होतं, आणि सामानाचं यान आज दुपारी सुटणार होतं.

वैजूने आजवर काढले ते गणपती, पोपट आणि मोर. तीन डोळे, लांब मान आणि नाकाचा पत्ता नाही, असा चेहरा तिला नवा. पहिल्या कच्च्या चित्रात तिने सवयीने नाक काढलंच.

"हे काय चिकटवलंस?" उल्माने विचारलं.

"नाक. नसलं तर चेहरा रिकामा वाटतो."

"मग वाटू दे. तुला बरं वाटावं म्हणून मी कुठून आणू नाक?"

खोडरबर अर्धा झिजला. शेवटी पेन्सिलीच्या चित्राकडे बघून उल्मा म्हणाली, "हो, ही मीच." चित्र हाताचंच आहे, मग पडद्यावरही चालेल, असं धरून वैजूने ते टॅब्लेटवर घेतलं. वर रेषांचा थर (पारदर्शक कागदासारखा), त्याखाली रंगाचा थर. उल्माची कातडी हळदीसारखी पिवळीधमक. वैजूने टॅब्लेट तिच्या हाताशेजारी धरून रंग जुळवला. फरक असा शून्य.

दुपारी केंद्राच्या सभागृहात सगळा वर्ग जमला. चित्र मोठ्या पडद्यावर उजळलं. उल्मा बराच वेळ बघत राहिली.

"रेषा माझ्या आहेत," ती म्हणाली. "पण ही लाल-हिरवी बाई कोण?"

वैजूला ते झोंबलं. वर्गाकडे तोंड करून ती म्हणाली, "तीन-तीन डोळे, आणि साधा पिवळा दिसत नाही! चष्मा आणून देऊ का?"

सगळे खदखदून हसले. निशादही हसला, हा तर वरकड नफा.

उल्माने मान आत ओढून घेतली. "म्हणजे माझी मुलगी मला ओळखणार नाही," ती हळूच म्हणाली. हशा थांबायला तरीही जरा वेळ लागला.

विज्ञानाचे म्हाडगुत सर रागावले नाहीत. रागावले असते तर वैजूला बरं वाटलं असतं. त्यांनी टॅब्लेटवर, चित्रातल्या पिवळ्या गालावर, पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंब भिंगासारखा वागतो.

"वाक, आणि काय दिसतं ते सांग."

"बारीक ठिपके. लाल... आणि हिरवे." ती आणखी वाकली. "सर, पिवळा कुठे गेला?"

"तो तिथे नव्हताच. पडद्यात तीनच दिवे असतात: लाल, हिरवा, निळा. आपल्या डोळ्यांत शंकुपेशीही (रंग ओळखणाऱ्या पेशी) तीनच प्रकारच्या. खरा पिवळा उजेड आला की त्यातल्या दोन प्रकारच्या पेशी जाग्या होतात. लाल आणि हिरवा एकत्र आले तरी त्याच दोन जाग्या होतात. मेंदूला दोन्हींतला फरक कळत नाही. तो दोन्ही वेळा म्हणतो, पिवळा! आपण फसतो, आणि फसलो हे आपल्याला कळतही नाही."

"आणि उल्मा?"

"माझ्याकडे पिवळ्यासाठी वेगळी पेशी आहे," उल्मा म्हणाली. "तुमच्या पडद्यासमोर ती उपाशी राहते."

वैजूचे कान तापले. उल्माला दिसत होतं आणि आपल्याला दिसत नव्हतं; आणि चष्मा कुणाला देऊ केला, तर तिला! बाकाखाली शिरावं असं तिला वाटलं. पण बाकाखालून चित्र पूर्ण झालं नसतं.

"सर, हळदीतला पिवळा खरा असतो?"

"उन्हात बघितलीस तर खरा. उन्हात सगळे रंग असतात. हळद त्यातला निळा गिळते आणि पिवळा परत पाठवते. बरोबर थोडा लाल-हिरवाही, पण पिवळा नक्की."

वैजू स्वयंपाकघरातून हळद घेऊन आली. व्हरांड्यातल्या उन्हात तिने पेन्सिलीचं मूळ चित्र मांडलं आणि ओल्या बोटाने हळद चोळू लागली. उल्माची मान हळूहळू बाहेर आली.

"मी," ती म्हणाली. "ही मी."

वैजू वर्गाकडे वळली. हशा सगळ्यांसमोर झाला होता, तेव्हा हेही सगळ्यांसमोरच हवं. "चष्म्याचं मी बोलले ते चुकलं. जे मला दिसत नाही, ते त्यांना दिसतं." तिच्या कोपरापर्यंत हळद होती, नाकालाही होती. निशाद फिस्सकन हसला. तिने त्याला हसू दिलं.

"माफ केलंत ना?" तिने उल्माला विचारलं.

"चित्र मला फार आवडलं. ते हसणं अजून दुखतंय. दोन्ही खरं आहे."

सर म्हणाले, "हळद उजेडात विटते बरं. वर्षभरात आई फिकी पडेल."

"मग दर वर्षी नवं पाठवीन. नाहीतर चार दिव्यांचा पडदा बनवीन, पिवळ्यासकट. बनतो ना तसा?"

"बनतो. शिकलीस तर तूच बनवशील."

यान वेळेवर सुटलं. आता बेरीज करू. भिंतीवर नाव लागलं नाही, कारण खरं चित्र यानातून गेलं, आणि टॅब्लेटवरचं उल्माचं नव्हतंच. टॅब्लेट मिळाला, वैजू त्यावर चार दिव्यांच्या पडद्याचे आराखडे काढते. निशादचा चेहरा पडला नाही, उलट महिनाभर खुललेला होता. दूर कुठेतरी एक मुलगी आईला ओळखेल, आणि त्यासाठी वैजूला बारा वर्षं बोटं पिवळी करावी लागतील.

तिने हे सगळं आनंदाने भरलं. पण त्या दुपारच्या हशाची किंमत मोजली ती उल्माने, आणि ती परत करायची सोय अजून कुठल्याच ग्रहावर नाही.