मोजणाऱ्याची नाडी

"किल्ल्या राहिल्या," तो म्हणाला.

मी काट्यावर उभी होते. चपला काढल्या होत्या, घड्याळ काढलं होतं, केसांतल्या पिनासुद्धा पर्समध्ये टाकल्या होत्या. डोळे घट्ट मिटलेले. दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा मात्र कमरेलाच राहिला होता.

"किल्ल्यांचं असं कितीसं वजन असणार?" मी डोळे न उघडताच म्हटलं.

"दीडशे ग्रॅम. पण ते तुमचं नाही ना... दुकानाचं ओझं तुमच्या नावावर कशाला?"

मी डोळे उघडले. पांढरा डगला, कानामागे पेन्सिल, आणि चेहऱ्यावर हसू आहे की नाही ते कळू नये असं हसू. त्याने दांडीवरचा गोळा सरकवला. टक्... टक्...

"एक्क्याण्णव किलो, चारशे ग्रॅम."

कुणी किती वाजले ते सांगावं, तसं सांगितलं त्याने. माझं वजन घरात उसासा टाकून बोललं जायचं आणि दुकानात हसून. इतक्या साधेपणाने ते मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. कापडाच्या दुकानात कापड मोजायचे आणि कापायचे, सकाळी दहापासून उभी. संध्याकाळपर्यंत गुडघे सुजून यायचे. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बारा किलो कमी करा, नाहीतर बसून करायची नोकरी बघा. आमच्या दुकानात खुर्ची एकच, आणि तिच्यावर मालक. घरात आई आणि मी, मिळवती मी एकटी. उपास करून झाले होते, पहाटे उठून चालून झालं होतं. तीन वेळा वजन उतरलं आणि तिन्ही वेळा माहेरी आल्यासारखं परत आलं.

शेवटी वजन उतरवायच्या या दवाखान्यात आले. तिथल्या डॉक्टरीणबाई मोठ्या समजूतदार. भुकेला आवर घालणारी गोळी त्या लिहून देत असताना मी खाली मान घातली, तशा म्हणाल्या, "अगं, ही जादू नाही, कुबडी आहे. पायात बळ येईपर्यंत धरायची. चष्मा लावताना लाज वाटते का कुणाला?" मग आवाज बदलून म्हणाल्या, "पण ही गोळी हृदयाला पळवते. दर गुरुवारी वजन आणि नाडी. लागोपाठ दोनदा नाडी शंभरच्या वर गेली, की गोळी बंद. मग माझ्यापुढे रडायचं नाही."

वजन आणि नाडी मोजायचं काम त्याचं. रुग्ण त्याला काटेकोर म्हणायचे. मोजून झालं की तो आम्हा सातआठ जणांना बाकावर बसवून आठवडा कसा गेला ते विचारायचा. कुणी रडलं तर पाणी द्यायचा, कुणी थापा मारल्या तर नुसता बघायचा.

पाचव्या गुरुवारी काटा अडला. आधीच्या आठवड्याइतकंच वजन.

"अर्धा किलो कमी लिहा ना," मी हळूच म्हटलं. "आई कार्ड बघते घरी."

"तुम्ही कापड कमी मोजता का?"

"उलट! मीटरमागे चार बोटं जास्तच सोडते. शिवताना कापड कमी पडलं की जीव हळहळतो बायकांचा."

"मालकांना माहीत आहे?"

"मालक खुर्चीवर असतात."

तो हसला. पहिल्यांदा, चांगला, दात दिसतील असा. आणि लिहिलं मात्र खरं तेच. वर म्हणाला, "चार बोटं कापडात चालतात. इथे तुमच्या औषधाचा हिशोब या आकड्यावर आहे."

मला राग यायला हवा होता. मी मात्र घरी जाताना त्या हसण्याचाच विचार करत राहिले... आणि पुढच्या गुरुवारी दुकानातून निघताना केस दोनदा विंचरले.

त्या गुरुवारी नाडी भरली एकशे चार.

त्याची बोटं माझ्या मनगटावर होती. थंड, स्पिरिटच्या वासाची. त्याने पुन्हा मोजलं. कपाळाला आठी. "जिना भरभर चढलात का?"

"नाही."

पुढच्या आठवड्यात एकशे आठ.

"नव्वद लिहा," मी म्हटलं. हसत नव्हते मी आता. "आठ किलो उतरलेत. चार राहिलेत फक्त. गोळी बंद झाली तर सगळं परत येईल... माझी नोकरी जाईल हो. एवढं खोटं लिहिलंत तर काय बिघडेल?"

"तुमचं हृदय बिघडेल," तो म्हणाला. पेन्सिल दोनदा कार्डाला टेकवून उचलली. मग लिहिलं, एकशे आठ.

डॉक्टरीणबाईंनी गोळी बंद केली. मी त्याच्याकडे न बघता बाहेर पडले. जिन्यात रडले. दगड आहे मेला, असंही म्हणून घेतलं.

पुढचा आठवडा भुकेचा आणि रागाचा गेला. तरी गुरुवारी गेलेच. का गेले, ते विचारू नका. गोळी बंद होऊन सात दिवस झालेले, आणि नाडी भरली एकशे दहा!

डॉक्टरीणबाई घाबरल्या. सिस्टरनी मला आतल्या खोलीत नेलं, छातीला तारा लावून हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली, नाडी धरली. पट्टी स्वच्छ. नाडी शहात्तर.

"हे कसं शक्य आहे?" बाईंनी कार्ड टेबलावर पसरलं. "बाहेर एकशे दहा, आत शहात्तर. दहा पावलांत?" मग त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, दारात उभ्या असलेल्या त्याच्याकडे बघितलं, आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. सिस्टर खोकल्या.

माझे कान तापले. जमीन दुभंगली असती तर मी वजनासकट आत गेले असते.

"गोळी आजपासून पुन्हा सुरू," बाई म्हणाल्या. "नाडी यापुढे सिस्टर बघतील. आणि तुम्ही हो... फरकाचं कारण लिहा कार्डावर. रकाना रिकामा ठेवायचा नाही."

त्याने कानामागची पेन्सिल काढली. मला वाटलं, आता हा लिहील जिना, नाहीतर उकाडा. त्याने कार्डावर वाकून दोन ओळी लिहिल्या आणि कार्ड बाईंकडे न देता माझ्या हातात दिलं.

*कारण – मोजणारा.*
*मोजणाऱ्याची स्वतःची नाडी, गेले तीन गुरुवार – एकशे बारा.*

"मग आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुमची गोळीमुळे असेल असं वाटलं," तो म्हणाला. "मी तर... कसलीच गोळी घेत नाही."

वर्षभरात चौदा किलो उतरले. पुढे त्यातले पाच परत आले, दोन मुलींबरोबर. गुडघे टिकले, नोकरी टिकली. आता माझी नात दर आठवड्याला वजन उतरवायची बारीक सुई पोटाला टोचून घेते आणि लोक काय म्हणतील म्हणून ते सुईचं पेन कपाटात लपवते. तिला मी ते कार्ड काढून दाखवलं. कुबडीचंही सांगितलं.

एक मात्र तिला सांगितलं नाही. गेल्या वर्षी यांच्या शेवटच्या आजारपणात वजन दर आठवड्याला उतरत होतं. त्यांना आकडा दिसत नसे, मी वाकून वाचायचे. बावन्न असलं की मी म्हणायचे, "साडेबावन्न."

हे माझ्या खांद्याला धरून सावकाश काट्यावरून उतरायचे.

"चार बोटं सोडलीस ना?"

मी त्यांच्यापुढे वजनाची वही धरायचे. आणि जन्मभर दीडशे ग्रॅमच्या किल्ल्यासुद्धा न सोडणाऱ्या त्या माणसाने वहीत मी सांगितलेला आकडा लिहिला. दर वेळी.