पंतांची घरी जायची वेळ

राजरत्न ओव्हाळ उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका कापडाच्या दुकानात नेटवर्कची वायर ओढत होता, तेव्हा शेठचा फोन आला. शेठची अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाची फॅक्टरी होती आणि तिथले कॉम्प्युटर राजरत्न सांभाळायचा.

"राजू, सर्व्हर रोज संध्याकाळी बंद पडतो यार," शेठ म्हणाले. "मी घरून लाइन लावतो, गोडाऊनमध्ये माल किती ते बघायला, तर सामने से जवाबच नाही. सकाळी चालू केला की दिवसभर मस्त चालतो. जरा बघून घे."

काम साधं वाटलं. दोन हजार सहा साल, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, लोडशेडिंग रोजचंच. वीज जात असेल, बॅटरी उतरली असेल, दुसरं काय असणार? हातातलं आटपून तो दुपारी अंबरनाथला गेला.

सर्व्हरची खोली वरच्या मजल्यावर, लोखंडी जिन्याच्या टोकाशी. एक खिडकी, एक टेबल, चाकांची खुर्ची आणि कोपऱ्यात लोखंडी कपाट. खालून रंगाचा आणि थिनरचा वास यायचा, तो भिंतींत मुरलेला. दारात राजरत्न क्षणभर थांबला. ती खुर्ची विष्णुपंतांची होती.

विष्णुपंत या फॅक्टरीत आयुष्यभर स्टोअर सांभाळत आले. शेठनी कॉम्प्युटर आणले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. राजरत्न तेव्हा नवखा पोरगा, कुठलं मोठं काम हातात नसलेला. त्याने इथे लिनक्स टाकलं, टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारं, आणि ते शिकायला समोर बसले पंत. नातवाच्या वयाच्या मास्तरासमोर वही उघडून बसावं तसे. दोन बोटांनी टाइप करायचे. एक अक्षर सापडलं की थांबायचे, चष्मा सावरायचे, मग दुसरं शोधायचे. "हे यंत्र बरं आहे हो," म्हणायचे. "काय चुकलं ते तोंडावर सांगतं. माणसं सांगत नाहीत." दुपारी दोघांचे डबे एकत्र उघडायचे. राजरत्नच्या आईच्या हातची सुकटाची चटणी पंत बोट लावून चाखायचे आणि "घरी सांगू नकोस," म्हणायचे.

संध्याकाळी सुटायची वेळ झाली की पंत जिन्यावर येऊन खाली ओरडायचे, "सेव्ह केलंत का सगळ्यांनी? निजवतोय!" मग खुर्चीत बसून, सर्व्हर बंद करायची आज्ञा एकेक अक्षर करत टाइप करायचे. पंखे थांबेपर्यंत बसून राहायचे. मगच पिशवी उचलून बदलापूरची गाडी धरायचे.

भाद्रपदात एका संध्याकाळी ती आज्ञा अर्धी टाइप झाली असताना ते टेबलावर कोसळले. डॉक्टर येण्याआधीच सगळं संपलं होतं. दुसऱ्या दिवशी राजरत्न आला तेव्हा स्क्रीनवर ती अर्धी ओळ तशीच होती आणि तिच्यापुढे कर्सरचा चौकोन लुकलुकत होता. ती ओळ पुसताना त्याला रडू आवरलं नव्हतं.

तर आता तो त्याच खुर्चीत बसून बिघाड शोधू लागला. बॅटरी ठणठणीत निघाली. वायर, मेमरी, आतलं तापमान, सगळं ठीक. ठराविक वेळी आपोआप चालणारं कुठलं काम कुणी लावून ठेवलंय का, तेही त्याने पाहिलं. तसलं काही नव्हतं. यंत्र बंद पडतच नव्हतं. कुणीतरी ते रीतसर, आज्ञा देऊन बंद करत होतं.

त्याने खाली जाऊन चौकशी केली. तेव्हा एक गोष्ट कळली. सर्व्हर संध्याकाळी बंद व्हायचा, यात कुणाला नवल वाटलंच नव्हतं. तो नेहमीच व्हायचा! पंत गेल्यावर प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी करत असेल. शेठनी घरून लाइन लावली तेव्हा कुठे ते लक्षात आलं.

"मग इतके दिवस करतंय कोण?" राजरत्नने विचारलं.

वॉचमन नाथाने मान खाली घातली. "वरती कोण जात नाय, भाऊ. सकाळी मी चालू करून येतो, तेवढंच. सांजचं तर कोणच नाय जात."

राजरत्नने परत वर येऊन, यंत्रात कोण कधी शिरलं ते पाहिलं. रोज संध्याकाळी एकच नाव होतं. विष्णुपंतांचं. ते खातं राजरत्नने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं, पंत गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी. आणि शिरणारा बाहेरून, वायरीवरून आलेला नव्हता. याच टेबलावरून, याच कीबोर्डवरून आला होता.

राजरत्न ज्या घरात वाढला त्या घरात भूतखेत, आत्मा, काहीच मानत नसत. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत कामगार. ते सांगायचे, जगात जे घडतं त्याला कारण असतं, बाबासाहेबांनी आपल्याला डोळे दिले ते कारण शोधायला. राजरत्नला आपलं कामही तसंच वाटायचं. एक गोष्ट बाजूला काढायची, मग दुसरी, उरेल ते कारण. त्याने कीबोर्डची वायर उपसली, कीबोर्ड लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. नेटवर्कची वायरही काढली. दुसऱ्या दिवशी नाथाचा फोन आला, "भाऊ, काल पण बंद झाला."

तेव्हा मात्र तो चिडला. भीतीपेक्षा चीडच जास्त. कुणीतरी पंतांच्या नावाने चेष्टा करतंय, असं त्याने मनाशी पक्कं केलं. तो एक जादा कीबोर्ड घेऊन गेला आणि बंद करायची जी आज्ञा होती, तिचा चालण्याचा हक्कच काढून घेतला. आता ती कुणीही दिली तरी यंत्र ऐकणार नव्हतं. जादा कीबोर्ड काढून, नेटवर्कची वायर परत जोडून तो घरी गेला.

रात्री शेठचा फोन आला. खूश होते. "लाइन लागली, राजू! एक नंबर!"

सकाळी जाऊन त्याने स्क्रीन पाहिला. वरपासून खालपर्यंत एकच आज्ञा, आणि तिच्याखाली यंत्राचं एकच उत्तर, परवानगी नाही. परत आज्ञा, परत तेच. जादा कीबोर्ड लावून तो मागे मागे जात राहिला, ओळी संपेनात. रात्रभर चाललं होतं. सुरुवातीला आज्ञा बिनचूक होती. पुढे पुढे तिच्यात चुका होऊ लागल्या होत्या, अक्षरं गळत होती, दमलेल्या माणसाची बोटं घसरावी तशी.

तो तिथेच उभा असताना मोबाइल वाजला. मालिनीकाकू. पंतांच्या पत्नी.

"राजरत्न, कामात आहेस का रे?"

"नाही काकू. बोला ना."

"काल फॅक्टरीत काही झालं का?"

"का हो काकू?" त्याने विचारलं.

"तू हसशील मला," त्या हळूच म्हणाल्या. "ते येतात रे घरी. तेराव्यानंतर रोज येतात. तिन्हीसांजेला फाटकाची कडी वाजते. मी दारात पाय धुवायला पाणी ठेवते, नेहमी ठेवायचे तसं. थोड्या वेळाने बघावं तर फरशीवर ओले पाय उमटलेले असतात… आतपर्यंत. दिसत काही नाही. पण घर भरल्यासारखं वाटतं. मी दोघांचं पान वाढते. काल आले नाहीत. मी दार उघडं टाकून बसले होते, पहाटेपर्यंत. पाणी तसंच राहिलं… तिथे अडकले का रे ते?"

राजरत्नने स्क्रीनकडे पाहिलं. सर्व्हरबद्दल काकूंना कुणी एक शब्द सांगितलेला नव्हता.

"मूल ना बाळ," काकू म्हणाल्या. "मला तेवढंच उरलंय. तुझ्या हातात असेल तर सोड रे त्यांना."

तो खाली शेठकडे गेला. काय सांगायचं ते ठरवून गेला होता, मशीन जुनं झालंय, संध्याकाळी विश्रांती द्यायला हवी वगैरे. शेठनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"पंत आहेत ना?" त्यांनी विचारलं. शेठ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तीस साल माझ्या बापाकडे, मग माझ्याकडे. एक दिवस लवकर घरी गेले नाहीत ते. माल सकाळी बघेन मी. जाने दे उनको."

आज्ञेचा हक्क परत द्यायला मिनिटही लागलं नसतं. देऊन घरी गेला असता तरी चाललं असतं. पण राजरत्नला वाटलं, आपणच अडवलं, तर निरोपही आपणच द्यावा. तो थांबला.

खालची मशीनं बंद झाली. माणसं गेली. खिडकीतला उजेड आधी पिवळा, मग राखाडी झाला. खोलीत स्क्रीनचा प्रकाश आणि पंख्यांची घरघर, एवढंच राहिलं. राजरत्नने त्या जादा कीबोर्डवरून हक्क परत दिला, तो कीबोर्ड काढून पिशवीत टाकला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. खुर्ची त्याने मोकळी ठेवली.

थिनरच्या वासात हळूहळू दुसरा वास मिसळला. लवंगेचा. पंतांच्या तोंडात कायम लवंग असायची.

मग कपाटातून आवाज आला.

टक्.

कुलूपबंद कपाटातून, आत ठेवलेल्या कीबोर्डच्या बटणाचा.

टक्… टक्.

मध्ये थांबून, अक्षर शोधून. स्क्रीनवर एकेक अक्षर उमटत होतं. खिशातली किल्ली राजरत्नच्या मुठीत रुतली होती. त्याला ओरडावंसं वाटलं, पळावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त त्या खुर्चीशी जाऊन बसावंसं वाटलं. "काका," तो कसाबसा म्हणाला, "चुकलं माझं. जा तुम्ही घरी… काकू वाट बघतायत."

आवाज थांबला. बराच वेळ काही झालं नाही. मग शेवटचं बटण वाजलं, स्क्रीनवरून ओळी सरसर गेल्या आणि पंखे मंदावत मंदावत थांबले. अंधार झाला. त्या अंधारात खुर्चीची चाकं किंचित करकरली. दाराशी वारा हलल्यासारखं झालं. लोखंडी जिन्यावर एकेक पायरी वाजत गेली, खाली, खाली, आणि मग काहीच नाही.

राजरत्न भिंतीशी घसरत जमिनीवर बसला आणि गुडघ्यांत तोंड खुपसून रडला. पंत गेले तेव्हा नीट रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं रडून घेतलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. खाली नाथाच्या रेडिओचा आवाज सुरू झाला, तेव्हा त्याला बरं वाटलं. आता निघावं म्हणून तो उठला, तोच मोबाइल वाजला.

"आले रे!" काकू कुजबुजत होत्या, पण आवाजात आनंद मावत नव्हता. "कडी वाजली. आणि राजरत्न… आज दिसतायत. पहिल्यांदाच दिसतायत."

"खरंच, काकू?"

"स्वयंपाकघराच्या दारात उभे आहेत. माझ्याकडे पाठ आहे. पाय नाही धुतले आज. पाणी तसंच आहे. तसेच आत आले."

"दमले असतील, काकू."

"हो, दमलेच असतील. रात्रभर अडकले होते ना." त्या फोन बाजूला धरून बोलल्या, तेव्हा त्यांचा आवाज लांबून, नव्या नवरीसारखा लाजरा आला. "अहो… इकडे बघा ना. किती वेळ असे उभे राहणार?"

राजरत्न डोळे पुसून हसला. आणि हसू तसंच चेहऱ्यावर थिजलं.

लवंगेचा वास अजून खोलीत होता. गेला नव्हता. उलट जवळ आला होता, अगदी खांद्याशी. पंत इथेच होते, मग जिना उतरून गेलं ते कोण?

टक्, कपाट वाजलं.

सर्व्हर बंद होता. स्क्रीन काळा होता. बटणं मात्र वाजू लागली होती. एरवी शोधत शोधत चालणारी ती दोन बोटं आता थांबत नव्हती. कुणीतरी जिवाच्या आकांताने काही सांगू पाहावं तशी घाईघाईने, चुकत, परत परत तीच तीच बटणं बडवत होती.

"काकू," राजरत्न म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "काकू, घराबाहेर या. आत्ताच्या आत्ता…"

पण त्यांनी फोन केव्हाच टेबलावर ठेवला होता. त्यांची पावलं दूर जाताना ऐकू येत होती, स्वयंपाकघराकडे.

"वळले बाई एकदाचे," काकू म्हणाल्या.

कपाटातला आवाज एकदम थांबला.